गुरुवारचा शुक्रवार

"प्लीज. नॉट यू."

मॅडम हळू बोलली. हसत बोलली. माझ्या हातात माशाची मोठी बशी होती. शुक्रवारची संध्याकाळ, मेणबत्त्या पेटलेल्या, टेबलाभोवती पाहुणे उभे. सरांनी पेला उचलून शाब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र वाराची, प्रार्थना म्हटली, सगळे म्हणाले आमेन, आणि स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याही तोंडातून निघालं, आमेन. ठरवून नाही. लहानपणापासून निघतं. शिंक येते तसं.

माना वळल्या. एका पाहुणीनं विचारलं, "शी सेड आमेन?" जणू पिंजऱ्यातला पोपट बोलला.

"दे से दे आर ज्युइश," मॅडम म्हणाली. "सम इंडियन थिंग." मग माझ्याकडे वळून, त्याच हसऱ्या तोंडानं, "प्लीज. नॉट यू. पाहुणे कन्फ्यूज होतात."

पाहुणे हसले. कन्फ्यूज कुणी दिसलं नाही.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "थँक्यू, मॅडम."

बशी टेबलावर ठेवली, आत आले. आत सँड्रा ग्लास पुसत होती. सँड्रा वसईची, एका केटरिंग कंपनीत, मोठं जेवण असलं की आमच्याकडे यायची. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाय, आमेन तर आम्हीपण म्हणतो," ती म्हणाली. "मी जाऊन बोलू का? माझं त्यांना चालेल. मी पाहुण्यांसारखी गोरी आहे."

ती माझ्याहून काळी आहे. मला हसू आलं आणि रडूही आलं. रडले नाही. त्या घरात रडायला माझ्या खोलीशिवाय जागा नव्हती, आणि माझ्या खोलीत वॉशिंग मशीन चालू होतं.

मी रायगडची. आमच्यातले बरेचसे इस्राएलला गेले, बापू राहिले. गावात आमची तीन घरं. लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. पूर्वजांचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. बापूंच्या वेळी घाणा नव्हता. बापू कपडे शिवायचे, आणि शनिवारी मशीन बंद. ते गेले तेव्हा मी सातवीत होते. शाळा तिथंच सुटली. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. मेला नाही. गेला. मुलगी पनवेलला माझ्या भावाकडे राहते, नववीत आहे.

दुबईचं काम आमच्या जातीमुळं मिळालं. एजंटनं सांगितलं, एक ज्यू फॅमिली आहे, घरात खूप म्हातारी बाई आहे, तिला सांभाळायचं, आणि मटण-दुधाची भांडी वेगळी ठेवणारी बाई पाहिजे. आमच्यात मटण आणि दूध एकत्र करत नाहीत, मला ते शिकवावं लागत नाही. मी हरखले. आपल्याच माणसांत जातेय, असं वाटलं. भावाला म्हटलं, देवानं बघितलं माझ्याकडे.

मॅडमनं पहिल्या दिवशी कपाटं उघडून परीक्षा घेतली. हे कशाचं, ते कशाचं. मी पास झाले. त्यानंतर कळलं की मी फक्त स्वयंपाकघरापुरती ज्यू आहे. उंबरठ्याच्या आत. बाहेर मी हेल्पर. शाब्बाथच्या टेबलावर मी वाढायचं, उष्टं उचलायचं, आणि सगळं झाल्यावर आत उभ्यानं खायचं.

तरी मी आभार मानायचे. सकाळी मॅडम म्हणाली की कॉफी गार आहे, तरी थँक्यू. सरांनी माझा पासपोर्ट सेफमध्ये ठेवला, म्हणाले, "हरवेल तुझ्याकडून," तरी थँक्यू. मॅडमनं जुने बूट दिले, एक नंबर लहान. थँक्यू. मी घाबरट आहे. गॅस बंद केलाय का, हे परत परत बघते. कुणी दारात उभं राहिलं की पहिलं वाटतं, माझं काय चुकलं. सर म्हणायचे, "शी इज सो ग्रेटफुल," आणि पाहुण्यांना माझं ते कृतज्ञ तोंड दाखवायचे. नवा सोफा दाखवतात तसं.

सर हॉटेलांना झुंबरं आणि दिवे पुरवायचे. वाईट माणूस म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. आवाज चढवत नसत. पगार वेळेवर. पण त्यांना स्वतःच्या चांगुलपणाची फार आवड होती. घरात मोठं जेवण असलं की त्यांचं एक भाषण असायचं. टॉलरन्स, माणुसकी, आणि मग आजीची गोष्ट.

आजी म्हणजे सरांची आजी. इलोना. पंच्याण्णव पार केलेली. घरात सगळे तिला ग्रॅनी म्हणत. मी आजी म्हणायचे. तिनं एकदा विचारलं, त्याचा अर्थ काय. मी सांगितला.

"मग ठीक," ती म्हणाली. "ग्रॅनी हे कुत्रीचं नाव वाटतं."

तिचं इंग्रजी हंगेरीतलं, माझं रायगडातलं. दोन्ही लंगडी, एकमेकांचा हात धरून चालायची. इथं मी मराठीत लिहितेय, पण शब्द तिचेच.

सरांच्या भाषणातली गोष्ट अशी. लढाईच्या काळात माझी आजी सोळा-सतरा वर्षांची होती. नाझींनी तिला पकडून छावणीत टाकलं. आईवडील, भावंडं, सगळी गेली. पण त्या अंधारात एक जर्मन बाई होती. ती आजीला रोज गुपचूप पाव द्यायची. त्या एका पावामुळं माझी आजी जगली, आणि म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. मित्रहो, चांगुलपणा सगळीकडे असतो.

इथं पाहुणे डोळे पुसत. आजी प्लेटमधला मासा काट्यानं उलटापालटा करायची. मला वाटायचं, तिला ऐकू येत नाही.

तिला सगळं ऐकू यायचं. त्या आमेनच्या शुक्रवारनंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी तिचे केस विंचरत होते.

"काल ती काय म्हणाली तुला?"

"काही नाही, आजी."

"प्लीज, नॉट यू, म्हणाली. आणि तू काय म्हणालीस?"

मी कंगवा चालवत राहिले.

"थँक्यू म्हणालीस. मी ऐकलं." ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "माझ्या नातवाची ती पावाची गोष्ट तुला आवडते?"

"छान आहे."

"खोटी आहे."

मग ती सांगू लागली. एका दुपारी सगळं नाही. थोडं विंचरताना, थोडं पायांना तेल लावताना. कधी मधेच थांबून म्हणायची, चहा आण, आणि चहा घेऊन आले की त्याच शब्दापासून पुढं.

तिचं गाव लहान. वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे. पोलीस आले त्यांच्या टोप्यांना कोंबड्याची पिसं. "हसू नकोस, खरंच कोंबड्याची पिसं. डोक्यावर कोंबडा घेतलेल्या माणसांनी आम्हाला घराबाहेर काढलं." शेजारीण दारात उभी होती. रडत नव्हती. आमच्या गाद्यांकडे बघत होती, आजी म्हणाली. आम्ही गल्लीचं टोक गाठलं नव्हतं तोवर तिनं दोन उचलल्या.

मग गुरांचा डबा. त्यात माणसं. एक बादली पाण्याची आणि एक बादली दुसऱ्या कामाची, आणि थोड्या वेळानं कोणती कुठली ते अंधारात कळेना. उतरवलं तिथं माणसं दोन बाजूंना वाटत होते. आई आणि धाकटा भाऊ एका बाजूला, ती आणि बहीण दुसऱ्या.

"आईनं वळून बघितलं?" मी विचारलं.

"नाही. भावाच्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधत होती. मी तिची शेवटची पाठ बघितली, वाकलेली."

आई आणि भाऊ त्याच दिवशी संपले. वडील कुठं गेले, कधीच कळलं नाही. हिचे केस काढले, कपडे काढले. बहीण शेजारीच उभी होती आणि ही तिच्याच नावानं हाका मारत होती. टक्कल केलेल्या बायकांत बहीण कशी ओळखायची?

तिथून कारखान्यात. तोफगोळ्यांत पूड भरायचं काम. त्या पुडीनं हात, चेहरा, डोळे, सगळं पिवळं. "तुमच्याकडे लग्नात हळद लावतात म्हणालीस ना? आम्हाला रोज लागायची." बहीण पहिल्या थंडीत गेली. सकाळी हजेरीला उभी होती, आणि हजेरी संपायच्या आत नव्हती.

मग ती बाई.

कारखान्याच्या मॅनेजरची बायको. रविवारी फरशी घासायला छावणीतून एक मुलगी लागायची. आजीला निवडलं, कारण तिचे दात चांगले होते. काम झालं की बाई मागच्या दाराशी यायची. हातात पावाची कड, कधी बटाट्याच्या साली.

"गुपचूप नाही," आजी म्हणाली. "मोठ्यानं. दार सताड उघडून. आणि हातात देत नव्हती. पायरीवर टाकायची. मी उचलायला वाकले की विचारायची, काय म्हणतात? मी म्हणायचे, डांके, त्यांचं थँक्यू. ऐकू आलं नाही. डांके. गुडघा वाकवून. एकदा तिच्या मैत्रिणी चहाला आल्या तेव्हा मला मुद्दाम बोलावलं. म्हणाली, बघा, शिकवलं की शिकतात."

"मैत्रिणी काय म्हणाल्या?"

"एकीनं विचारलं, चावत नाही ना?"

मी तेलाची बाटली खाली ठेवली.

"आता शेवट ऐक. शेवट माझ्या नातवाला माहीतच नाही. लढाई हरले ते. रस्त्यावर अमेरिकन सैनिक दिसले. मी त्या दिवशी तिच्याच अंगणात होते. बाई धावत आली, माझा हात धरला, फाटकाशी नेऊन उभं केलं. सैनिकाला म्हणते, मी या मुलीला खायला घातलं, विचारा हिला. सैनिकानं माझ्याकडे बघितलं."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. माझ्या तोंडात पाव होता. सैनिक येताना दिसले तेव्हा तिनंच कोंबला होता. आख्खा. भुकेला माणूस पाव थुंकत नाही, हे तिला ठाऊक होतं."

मला विचारायचं होतं, मग ती चांगली बाई झाली कशी? विचारावं लागलं नाही.

"माझा मुलगा लहान होता. झोपताना विचारायचा, आई, तिथं कुणीच चांगलं नव्हतं? सहा वर्षांचं पोर. मी म्हटलं, होती एक बाई, पाव द्यायची. तो झोपला. त्यानं ती गोष्ट त्याच्या मुलाला सांगितली." तिनं कंगव्यात अडकलेला पांढरा गुंता काढून माझ्या हातात दिला. "पोराला झोपवायला सांगितलेली गोष्ट. आता पन्नाशीचा झालाय, अजून तीच ऐकून झोपतो. आणि पाहुण्यांना झोपवतो."

"त्यांना खरं का सांगत नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तो म्हणतो, ग्रॅनी थकलीय."

मी त्या दिवसांत पहिल्यांदा सरांकडे नीट बघितलं. त्यांच्या भाषणाकडे, त्यांच्या ओलावणाऱ्या डोळ्यांकडे. खरी गोष्ट वरच्या खोलीत बसलेली, जिवंत, सगळे दात शाबूत. आणि त्यांना हवी होती ती गोडवलेली. खरं ऐकलं असतं तर पाहुण्यांनी मासा खाल्ला नसता ना.

मग आली ती फिल्मची आयडिया.

सर जेवणाच्या टेबलावर मॅडमला सांगत होते, मी प्लेटा उचलत होते. एक छोटी फिल्म करायची. शाब्बाथचं जेवण. आजी पाव मोडते आणि तो पाव आपल्या घरातल्या हेल्परच्या हातात देते. "हँड टू हँड. द सर्कल इज कम्प्लीट." एके काळी एका बाईनं आजीला पाव दिला, आज आजी एका बाईला देते. मग हेल्पर थँक्यू म्हणते. क्लोज-अप.

"ब्यूटिफुल," मॅडम म्हणाली. मला म्हणाली, "तुला नवा एप्रन आणते."

शुक्रवारी सूर्य मावळला की शाब्बाथ लागतो, मग कॅमेरा चालवत नाहीत. धर्मात नाही. म्हणून ठरलं, गुरुवारी करू. गुरुवारी मेणबत्त्या लावायच्या, गुरुवारी पांढरा कपडा अंथरायचा, गुरुवारी एकमेकांना शाब्बाथ शालोम म्हणायचं. पाहुण्यांनाही तसं कळवलं. आमच्या गावात बापू शनिवारी एक टाका घालत नसत, मग गिऱ्हाईक दारात रागावून उभं असो. आणि ही माणसं देवाचा वारच एक दिवस अलीकडे ओढत होती, कारण कॅमेरावाला शुक्रवारी चालत नव्हता. आणि म्हणे, सम इंडियन थिंग.

सरांनी आदल्या दिवशी रिहर्सल घेतली. आजी झोपली होती, तिच्या जागी मॅडम बसली. मी डावीकडून यायचं, थांबायचं, दोन्ही हात पुढं करायचे, थोडं वाकायचं. "लिटिल मोअर," कॅमेरावाला म्हणाला. मी आणखी वाकले. मॅडमनं टिश्यूचा बोळा पाव म्हणून माझ्या हातात ठेवला. मी थँक्यू म्हटलं.

"फील इट," सर म्हणाले. "तुला हे काम मिळालं तेव्हा कसं वाटलं होतं, ते आठव." आणि जाता जाता, "हां, तुझ्या व्हिसाचं रिन्यूअल आलंय. बघतोय मी. इन्शाल्ला."

इथं राहिलेल्या कुणालाही विचारा. साहेब असा इन्शाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, म्हणाला की समजायचं, होईलच असं नाही.

दुपारी आजीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"माझ्या वडिलांनी कधी कुणाच्या हातात पाव दिला नाही," ती म्हणाली. "मोडायचे, मिठाला लावायचे, पुढ्यात ठेवायचे. हातात देतात ते फक्त—"

"सुतक असेल त्याला," मी म्हटलं. आमच्या घरी पोळीचा तुकडा असायचा. बापूही पुढ्यात ठेवायचे. ते गेले त्या आठवड्यात काकांनी तो माझ्या हातात दिला होता. म्हणून मला पक्कं आठवतं.

"आणि पुढ्यात ठेवायचा तर माणूस बसलेला लागतो," आजी म्हणाली. "तू घेणार हातात?"

"व्हिसा आहे, आजी. मुलगी आहे."

"हो," ती म्हणाली. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. "मीही गुडघा वाकवायचे. छान वाकवायचे."

मी घेणारच होते. उगाच शूरपणा सांगत नाही. गुरुवारी एप्रनला इस्त्री करताना मी आरशासमोर ते थोडंसं वाकणं करून बघितलं.

संध्याकाळी सगळे जमले. खोटा शुक्रवार छान सजला होता. सँड्रा आली होती. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं माझ्या एप्रनची गाठ मारली. "बाय, डोळे मिट, घे, आणि सुट. दोन मिनिटांचं काम. खलास."

सरांनी भाषण केलं. अंधार, चांगुलपणा, ती बाई, तो पाव. कॅमेरावाल्यानं बोट वर केलं. मी डावीकडून गेले, थांबले. दोन्ही हात पुढं. वाकले.

आजीनं पाव मोडला. मिठाला लावला. माझ्या हातांकडे बघितलं. मग तिनं हात लांब करून तो तुकडा शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. तिथं प्लेट होती, खुर्ची होती. एक पाहुणे आले नव्हते.

"बस," ती मला म्हणाली.

"ग्रॅनी, हातात," सर हसत म्हणाले. "हातात द्या तिच्या."

"हातात नाही. या घरात कुणी मेलेलं नाही."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, म्हातारीचा विनोद. आजी हसली नाही. तिनं कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि तिच्या त्या तुटक इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "ती बाई चांगली नव्हती. ती पायरीवर टाकायची. मला वाकायला लावायची. जसं तुम्ही हिला लावलंत."

कुणी खोकलं. कुणी ग्लास उचलला. सर अजून हसत होते. ते हसू उतरवायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. मग म्हणाले, "ग्रॅनी इज टायर्ड. कट."

मॅडम माझ्या कानाशी आली. "उचल ते आणि आत जा. तिलाही वर घेऊन जा. यल्ला, चल लवकर."

तो तुकडा समोर होता. उचलून आत नेला असता तर सकाळी सगळं पूर्ववत झालं असतं. आजी थकली होती, असं सगळ्यांनी म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. हेल्परही तसंच म्हणतेय म्हटल्यावर आजीचं खरं तिथंच मेलं असतं. एवढं मला कळलं. सातवी शिकलेल्या डोक्याला एवढं कळलं की इथं थँक्यू म्हणणं म्हणजे त्या पायरीवरच्या बाईला थँक्यू म्हणणं.

मी खुर्ची ओढली. तिचे पाय फरशीवर करकरले. मी बसले.

"व्हॉट आर यू डूइंग?"

"खातेय, मॅडम. आय ईट."

पाव तोंडात घातला. चावला. समोरच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं, डोक्यावर टोपी होती त्याच्या, मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. बाकीचे आपापल्या प्लेटांत काहीतरी शोधत होते. माणुसकी, टॉलरन्स, सगळं टेबलावर होतं आणि एका बाईनं खुर्चीत बसणं त्या टेबलाला सोसत नव्हतं. मी सावकाश खाल्लं. गिळलं. मग आजीला हात दिला, आणि आम्ही दोघी वर गेलो.

सर स्वयंपाकघरात आले ते पाहुणे गेल्यावर. आवाज तेव्हाही चढवला नाही.

"आफ्टर एव्हरीथिंग वी डिड फॉर यू."

त्यांना सॉरी हवं होतं. ते वाट बघत उभे राहिले. सॉरी जिभेवर आलंही. मी ते गिळलं.

"आजी सांगतात ते खरं आहे, सर. तुम्ही त्यांना विचारा. बसून विचारा."

"माझ्या फॅमिलीची हिस्टरी तू मला सांगणार? यू आर द मेड."

हा माणूस. ज्याची आजी मेड होती. ज्याच्या आजीला दात बघून निवडलं होतं. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटेना. किळस वाटली. एवढ्या मोठ्या दुःखाचा वारसा मिळाला आणि त्यातून या माणसानं उचलली ती फक्त मालकीणबाई. तिलाच देवी केली. तिच्यासारखंच दारात उभं राहून थँक्यू मोजायला शिकला.

पुढच्या आठवड्यात काम सुटलं. पासपोर्ट सेफमधून बाहेर आला, त्यासाठी मला दोनदा मोठ्यानं मागावा लागला. मोठ्यानं मागता येतं, हे मला तेव्हा कळलं. आजीचा निरोप घ्यायला गेले तर तिनं मिठी वगैरे मारली नाही.

"नवी बाई केस ओढते," ती म्हणाली. "तिला शिकवून जा."

मी शिकवलं. ती आरशातून बघत होती. निघताना म्हणाली, "तू सगळं ऐकलंयस. आता ते तुझ्याकडे पण आहे."

सँड्रानं ओळखीनं दुसरं काम लावून दिलं, व्हिसासकट. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. खोलीत आम्ही सहा जणी. सुपरवायझर मल्याळी, तोंडानं फाटका, पण आम्हाला दुपारी बाकावर बसवून जेवू घालतो. मुलीची शाळा चालू आहे. गॅस मी अजून परत परत बघते. घाबरटपणा गेला नाही, तो जाणारही नाही.

गेल्या महिन्यात सँड्रानं मला फोनवर काहीतरी दाखवलं. सरांची फिल्म. पूर्ण झाली होती. आजी त्यात खिडकीशी बसलेली, लांबून, आवाजाशिवाय. सरांचा आवाज वर, अंधार आणि चांगुलपणा. मग पांढरा कपडा, मेणबत्त्या, एक म्हातारा हात. आजीचा नाही. तिच्या मनगटावरची नस मी ओळखते. कुणाचा तरी आणून बसवलेला हात. आणि एक फिलिपिनो मुलगी, नव्या एप्रनमध्ये, दोन्ही हात पुढं करून वाकलेली. डोळे भरलेले. थँक्यू. खाली लोकांनी लाल बदाम टाकलेले, शेकड्यांनी.

सँड्रा म्हणाली, "जाऊ दे गं बाय."

नाही जाऊ देत.

त्या मुलीचा मला राग नाही. तिलाही कुणीतरी इन्शाल्ला म्हटलं असणार. पण ती फिल्म लोक खरी मानतील. उद्या आजी नसेल, आणि राहील ती चांगली बाई. म्हणून मी हे लिहितेय. मला शुद्ध लिहिता येत नाही. लिहितेय तरी. त्या छावणीच्या गावात एक मॅनेजरची बायको होती. ती भुकेल्या पोरीला पायरीवर साली टाकायची. मैत्रिणींना बोलावून तिला वाकवून दाखवायची. सैनिक दिसले तेव्हा तिनं त्या पोरीच्या तोंडात पाव कोंबला, तिला बोलता येऊ नये म्हणून. त्या पोरीचं नाव इलोना. तिनं हे मला स्वतः सांगितलं.

माझ्या मुलीला मी हे असंच सांगितलंय. गोड न करता. ती म्हणाली, आई, मला झोप येणार नाही.

म्हटलं, नको येऊ दे.